मागच्या फाटकावरचा पहारा

तापाने मेलेल्या शिपायाचं नाव स्मारकाच्या दगडावर कोरताना ज्यांची छिन्नी बोथट झाली, त्यांनी एकदा त्या मागच्या फाटकावर संध्याकाळी उभं राहून दाखवावं! गोळी लागली तरच मरण, आणि ओल्या कोठारापाशी पहारा करून छातीत पाणी झालं तर ती काय हवापालट?

त्या शिपायाची धाकटी बहीण त्याची ट्रंक न्यायला लष्कराच्या डेपोत आली ती हाच राग घेऊन. ट्रंक मिळाली. पण शिपाई तिची नजर चुकवत होते. शेवटी म्हातारा स्वयंपाकी हळूच म्हणाला, "ताई, मागच्या फाटकावर कुणी टिकत नाही. शेजारी कुणीतरी खोकतं..."

"कसं?"

त्याने खोकून दाखवलं. दोनदा कोरडं, मग घसा खाकरून.

हा तर दादाचाच खोकला! ती घाबरली, पण पाय फाटकाकडेच वळले. भीतीपेक्षा कुतूहल चिवट. स्वयंपाकी चार हात मागे राहून येत होता.

दिवस मावळत होता. गंजलेलं फाटक, ओल्या गोणपाटांचा कुबट वास, आणि त्यात छातीला चोळायच्या निलगिरी तेलाचा. मग खोकला आला. अगदी खांद्यापाशी.

"दादा...?"

बुटांच्या टाचा जुळल्या. समोर कुणीच नव्हतं.

"इथेच कोसळला ना तो?" तिने मागे न बघता विचारलं.

"हो. तसाच उचलून नेला. बदलीवाल्याने समोर उभं राहून 'पहारा घेतला' म्हटल्याशिवाय जागा सोडायची नाही, असा इथला नेम. त्या धांदलीत कुणी म्हटलंच नाही."

दादा शिंकायचासुद्धा शिस्तीत! 'पहारा सुटला की येतो,' हा त्याचा आईला शेवटचा निरोप. आई अजून दाराला कडी लावत नाही, अंथरुणाला पाठ टेकत नाही.

तिने ओढणी कमरेला खोचली, रिकाम्या जागेसमोर ताठ उभी राहिली.

"पहारा घेतला. दादा, तू घरी जा."

वारा नव्हता, तरी फाटक करकरलं. बूट वाजत वाजत रस्त्याला लागले आणि विरले. तेलाचा वासही गेला. तिला रडू आणि हसू एकदमच फुटलं.

"सुटला हो!"

ती वळायला गेली आणि खोकली. दोनदा कोरडं. मग घसा खाकरला.

स्वयंपाकी आणखी दोन पावलं मागे सरला.

"ताई... तुम्ही म्हणालात खरं. पण आता तुमच्याकडून कोण घेणार?"