शेकोटीभोवतीचं रिंगण

"राखेखाली विस्तव निजतो गं, मरत नाही. पाणी घाल, काडीनं ढवळ, पुन्हा घाल. मगच ऊठ!"

मालनआत्याचे हे शब्द नम्रताला पाठ होते. आत्या सकाळी देवापुढे ऊद घालायची आणि उरलेले निखारे राखेखाली झाकून ठेवायची. संध्याकाळी फुंकर घातली की पुन्हा लालबुंद! म्हणूनच कोथरूडहून निघताना तिनं नम्रताकडून वचन घेतलं होतं, शेकोटीपासून सगळ्यांत शेवटी नम्रतानंच उठायचं.

आणि ते पहिल्याच दिवशी मोडलं! शेकोटी मंदावली तशी अनंतकाकांनी घमेलंभर माती तिच्यावर लोटली.

"प्रॉब्लेम सॉल्व्ह! चला तंबूत!"

"काका, पाणी..."

"पाण्याचा टँकर विकत घेतो मी, नम्रता. चल!"

अनंतकाका त्यांच्याच सोसायटीतले, हिंजवडीच्या सॉफ्टवेअर कंपनीत साहेब. कंपनीजवळच घेतलेल्या प्लॉटवर त्यांनी नाताळच्या सुट्टीत मुलांचा कॅम्प भरवला होता.

सकाळी पाहतात तो काय! शेकोटीपासून कुंपणाच्या दिशेनं गवत काळंठिक्कर पडलेलं. आणि कुंपणाला लागूनच गेनबाआजोबांची पेंढ्याची भलीमोठी गंजी!

"हे गेनबाचंच काम!" काका कडाडले. "ही जमीन मला विकली आणि आता पस्तावतोय. कोपऱ्यात गाय बांधू दिली, तिथेच चुकलं माझं. उद्याच्या उद्या गाय, गंजी, सगळं हलव म्हणतो! आणि आज शेकोटी बंद!"

नम्रतानं कोपऱ्यात बांधलेल्या गाईकडे पाहिलं. चंद्री गाय जाणार कुठे? चहूकडे तर काचेच्या इमारती!

"पण खरंच आजोबांनी लावली असेल?" तिनं विचारलं.

"लावली असेल," कॅम्पमधला तिचा मित्र योगेश कुजबुजला. "बघ ना, सकाळपासून आपल्याकडेच टक लावून बसलेत."

"मला तर काकांचाच संशय येतोय," त्यांची मैत्रीण श्रद्धा म्हणाली. "गाय काढायला निमित्त नको?"

"तुला काय, भाजीवाल्याचासुद्धा संशय येतो!"

"आणि तो मारत होताच ना काटा? मग!"

नम्रता मात्र तंबूत गेली. तंबूपुढे रोज दोन बोटं काढायची म्हणून तिनं रांगोळीची पुडी आणली होती. ती घेऊनच ती बाहेर आली.

अंधार पडता पडता तिघांनी शेकोटी आणि जळकं गवत मधे घेऊन, पार कुंपणाच्या कडेपर्यंत रांगोळीचं जाडजूड रिंगण घातलं.

"आता कोणीही येऊ दे, आजोबा नाही तर काका! पाऊल उमटलंच पाहिजे!" योगेशनं हात झटकले.

उजाडताच तिघं धावत गेली. रिंगण जसंच्या तसं! कुठे पाऊल नाही, बोट नाही. आणि आत, कुंपणापासून हातभर अंतरावर, जमिनीतून धूर येत होता!

"भू... भूत!" योगेश दोन पावलं मागे सरला.

"काल शेकोटी पेटलीच नव्हती," श्रद्धा पुटपुटली. "मग धूर कसला?"

निजतो गं, मरत नाही! नम्रतानं लांब काठी घेऊन माती उकरली. खाली एक जाडजूड वाळकं मूळ आतल्या आत धुमसत होतं. मुळाचा माग शेकोटीकडे जात होता आणि तिथून पलीकडे, तोडलेल्या आंब्याच्या बुंध्याकडे.

"शेकोटी मुळावरच पेटवली होती आपण! काका! आजोबा! लवकर या!"

दोघं आले ते भांडतच.

"सायेब, गंजी पेटवून मला हाकलताय व्हय?"

"मी? अहो, चोर तो चोर..."

"काका, आधी हे बघा," नम्रता हळूच म्हणाली. "रिंगण कुठे मोडलंय?"

"नाही... कुठेच नाही."

"मग आत आग लावून कोण गेलं? हात उलटा करून त्या मातीवर धरा. टेकू नका हं!"

काकांनी हात धरला आणि झटकन मागे घेतला. "बाप रे! आतून पेटलंय!"

मग काय, धावपळ! टँकरच्याच पाण्याच्या बादल्या भराभर आल्या. चर्रर्र! मूळ खणायचं, पाणी ओतायचं, ढवळायचं, पुन्हा ओतायचं. चिखल पार गार लागेपर्यंत काका आणि आजोबा शेजारी शेजारी राबले.

"गेनबा, चूक माझीच," काका घाम पुसत म्हणाले. "चंद्री इथेच राहील."

"आन् म्या बी तुमच्यावरच डोळा ठिऊन बसलो व्हतो की!" आजोबा हसले. "पोरं लई हुशार हाईत, सायेब. न्हाईतर गंजी गेलीच व्हती!"

"हुशार? आमच्या टीममधेसुद्धा इतक्या लवकर चूक सापडत नाही कुणाला! शाबास!" काकांनी तिघांची पाठ थोपटली.

संध्याकाळी शेकोटी नव्या जागी पेटली. गंजीपासून दूर, मुळं नसलेल्या मोकळ्या जमिनीवर, गवत खरवडून, भोवती दगड रचून आणि शेजारी पाण्यानं भरलेल्या बादल्या ठेवून. गाणी झाली, भेंड्या झाल्या. ज्वाळा खाली बसल्या तशी पिठल्याची हाक आली आणि सगळे उठून पळाले.

"नम्रता, चल ना! पिठलं गार होईल!" योगेश ओरडला.

"होऊ दे."

नम्रतानं बादली उचलली आणि ती एकटीच शेकोटीकडे वळली.