पुलापलीकडचा चहा

"खाली बघू नका. समोर बघा... आणि श्वास मोजा."

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो नदीवरच्या झुलत्या पुलाच्या मधोमध. पाय खिळले होते, कठडा सोडवत नव्हता. त्यानं हात धरला नाही. माझ्याबरोबर वीसपर्यंत मोजलं, पुन्हा मोजलं, आणि मला अलीकडच्या काठाला आणून सोडलं.

त्यानंतर मी पुलावर पाऊल ठेवलं नाही. तोच दर आठवड्याला पूल ओलांडून आमच्या पुस्तकबांधणीच्या दुकानात येऊ लागला. एका माणसाला इतक्या वह्या लागतात तरी कशाला, असं आत्या मुद्दाम मोठ्यानं म्हणायची.

तो संमोहनानं उपचार करतो हे कळलं, त्या दिवशी मी खळीचा ब्रश खाली ठेवला आणि नजर वळवली.

"डोळ्यांत बघायची भीती वाटतेय?"

"तुम्ही घड्याळ हलवता म्हणे. मग माणूस तुम्ही सांगाल तसं वागतो."

"घड्याळात मी वेळ बघतो. आणि तसं होत असतं, तर तुमच्या आत्यांनी मला कधीच चहा विचारला असता."

"वाट बघा!" आत्या शिवणीतून मान वर न काढता म्हणाली.

"आणि जागच आली नाही तर?" मी विचारलं. "माझा पहाटेचा जप चुकेल."

"अहो, ती झोप नव्हेच. जपात रस्त्यावरचा हॉर्न ऐकू येतो, पण मन तिकडे धावत नाही... तसंच. नको वाटलं, तर डोळे उघडून उठायचं."

जप मला माहीत होता. पटलं.

"आणि नको ते तोंडून निघालं तर?"

"जे सांगायचं नाही, ते कुणी काढून घेत नाही."

"मग माझी पुलाची भीती घालवा. तुम्हीच."

त्यानं वही उलटीसुलटी केली. कान लाल झाले होते. "मी नाही. ज्यांच्याकडे मी शिकलो, त्या बाई येतील."

"तुम्ही का नाही?"

"ज्या माणसात आपला जीव गुंतलाय, त्याच्यावर उपचार करायचे नसतात... आमच्यात नियमच आहे."

आत्याची सुई थांबली.

"आणि तुमचं?" त्यानं हळूच विचारलं.

खोटं बोलायचं नाही, हा माझा नेम. त्याला तो ठाऊक होता. लबाड!

"जप करताना मधेच तुमचा आवाज येतो," मी म्हणाले. "मग देवाची माफी मागून पुन्हा पहिल्यापासून सुरू करते."

बाई पाच वेळा आल्या. भीती गेली नाही; लहान झाली, हातात मावेल एवढी. त्याच्या आईला पायांमुळे पूल चढवत नाही, म्हणून मीच शब्द दिला, "रविवारी चहाला येईन. आणायला येऊ नका."

आज रविवार. जप झाला, एकदाही न चुकता. निघताना आत्या एवढंच म्हणाली, "श्वास वीसचे चाळीस झाले तरी चालतील, पण परत फिरू नकोस."

पलीकडच्या काठावर तो उभा आहे. कबूल केल्याप्रमाणे एक पाऊलही पुढे आलेला नाही.

मी समोर बघितलं. पहिली फळी हलली.

एक...