मामांच्या परीक्षेचं कलम

"बाई, तुमचा डावा गुडघा आत पडतोय."

जिना उतरता उतरता ती थबकली. हातात भाषणाचे कागद, ओठांवर पहिलं वाक्य, आणि मागून हे! वळून बघते तर दोन पायऱ्या वर एक उंच, उन्हानं रापलेला माणूस अगदी गंभीर चेहऱ्यानं तिचे पाय तपासत उभा.

"अनोळखी बायकांचे गुडघे बघत फिरता तुम्ही?"

"बघत नाही हो... दिसतात." तो कानापर्यंत लाल झाला. "लांब उडी शिकवतो मी. कुणी पायऱ्या उतरताना दिसलं, की आधी गुडघाच दिसतो. स्वभावाला औषध नाही."

खरं तर तिनं त्याला चार खडे बोल सुनवायला हवे होते. पण ती पोहणं शिकवायची आणि तिची नजर केव्हाच त्याच्या खांद्यांवर गेली होती. "तुमचा उजवा खांदा उतरलाय. पिशवी दुसरीकडे घ्या."

त्यानं मुकाट्यानं पिशवी डाव्या खांद्यावर घेतली. मग दोघंही एकदमच हसले. त्या दिवशी त्या इमारतीत जगभरातले क्रीडा प्रशिक्षक जमले होते. कुणाला जिन्यावरून सुखानं चालायची सोयच नव्हती.

तासाभरानं ती व्यासपीठावर उभी राहिली. तिची मागणी साधी होती. लहान मुलांना खेळ शिकवणारा माणूस, मग तो कुठल्याही देशातला असो, शिकलेला असावा, त्याच्याकडे परवाना असावा, आणि हे जागतिक संघटनेच्या सनदेत लिहिलेलं असावं. सहा वर्षं त्यासाठी तिनं देशोदेशीच्या संघटनांचे उंबरे झिजवले होते. पंधराव्या वर्षी तिच्या स्वतःच्या प्रशिक्षकानं 'दुखतंय म्हणजे फायदा होतोय' असं म्हणत तिला पोहायला लावलं होतं, आणि तिचा खांदा कायमचा गेला होता. दुसऱ्या कुठल्या मुलीचं असं होऊ नये, एवढंच तिला हवं होतं.

दोन तृतीयांश मतं लागत होती. चार कमी पडली. आणि विरोधाची लाल कार्डं धरलेल्या हातांत एक हात होता... गुडघेवाल्याचा!

बाहेर खिडकीच्या काचांवर पाऊस वाजत होता. तिनं त्याला कॉफीच्या यंत्रापाशी गाठलं. "सकाळी माझ्या गुडघ्याची काळजी, आणि दुपारी माझ्याच पायावर धोंडा?"

"माझे मामा चाळीस वर्षं उडी शिकवतात," तो हळूच म्हणाला. "वाळू स्वतः उकरून मऊ केल्याशिवाय ते एका मुलाला धावू देत नाहीत. मला त्यांनीच घडवलं. पण त्यांच्याकडे कागद नाही. तुमचा नियम आला, की ते घरी बसणार. लेखी परीक्षा? तीही परक्या भाषेत? मामांना जमायची नाही हो."

सहा वर्षांत या मामांचा विचार तिनं कधी केलाच नव्हता.

"पण मामा असोत की मामांचे मामा," ती शेवटी म्हणाली, "दुखत असेल तर थांबायचं, हे त्यांना यायलाच हवं."

तो खाली बघत म्हणाला, "एकदा माझा दुखरा घोटा बांधून पळवलं होतं मला... मामांनीच."

शेजारी कॉफी घेत उभ्या असलेल्या सभेच्या अध्यक्षबाई हे सगळं ऐकत होत्या. "भांडण चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "दोघं मिळून एक कलम लिहा आणि पुढच्या वर्षी घेऊन या."

मग दर शुक्रवारी फोन सुरू झाला. अनुभवी प्रशिक्षकाची परीक्षा मैदानावर व्हावी आणि त्याच्याच भाषेत व्हावी, हे दोघांना पटकन पटलं. पण किती वर्षं म्हणजे अनुभव? एकेका शब्दावरून इतकं भांडण व्हायचं, की तिची आई दाराआडून विचारायची, "अगं, कोण आहे हा, ज्याच्याशी भांडून तू इतकी खूश असतेस?"

कुठल्याशा शुक्रवारी 'तुम्ही'चं 'तू' झालं, आणि दोघांनीही काही झालंच नाही असं दाखवलं. एका शुक्रवारी फोन आलाच नाही. तिनं अकरा वेळा मोबाईल उघडून पाहिला. रविवारी तो बोलला, "मुलांची स्पर्धा होती, कळवायचं राहिलं. ...वाट बघितलीस?"

"छे! मला काय दुसरे उद्योग नाहीत?"

"मला नव्हते," तो म्हणाला. "स्पर्धेतही नव्हते." त्यावर ती जे काही बोलली, ते कलमाबद्दल खचितच नव्हतं.

वर्षानं पुन्हा तेच सभागृह. या वेळी व्यासपीठावर दोघं होते. ती मुलांबद्दल बोलली, तो मामांबद्दल. "माझ्या मामांनी मला घडवलं आणि माझा घोटाही बिघडवला," तो म्हणाला. "त्यांना हाकलून तो बरा होणार नाही. त्यांना शिकवा, त्यांची परीक्षा घ्या आणि मग मानानं परवाना द्या. मामा तयार आहेत. तुम्ही?"

नव्वद मतं हवी होती. हिरवी कार्डं वर गेली. मोजणारा मोजत राहिला. तिनं टेबलाची कड घट्ट धरली, आणि तिच्या हातावर त्याचा हात केव्हा आला ते तिला कळलंही नाही.

"एकशे अकरा!"

कुणीतरी आनंदाच्या भरात शिट्टी फुंकली. मग काय विचारता! शेकडो प्रशिक्षकांच्या गळ्यात शिट्ट्या होत्याच. असा कल्लोळ उठला, की आग लागली असं समजून रखवालदार धावत आत आले. ती हसत होती, डोळे पुसत होती, पुन्हा हसत होती. सहा आणि एक सात वर्षं... जिंकलो!

त्यानं तिला ओढतच बाहेर गच्चीत नेलं, मामांना फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"पास झालं म्हणतोस?" मामांचा आवाज घुमला. "शाब्बास! मग माझी परीक्षा कोण घेणार?"

"ती घेईल की. तिच्याइतके नियम कुणाला पाठ आहेत?"

"ती म्हणजे कोण रे?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. एवढा मोठा उडीवाला, पण इथं धाव घेतानाच अडखळला बिचारा. "ती म्हणजे... मामा... तिनं हो म्हटलं तर... तुमची भाचेसून."

तिनं शांतपणे त्याच्या हातातून फोन घेतला. "मामा, नमस्कार. मला नाही घेता यायची तुमची परीक्षा."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"का गं पोरी?"

"परीक्षक नात्यातला नसावा, असं मीच कलमात लिहून ठेवलंय."

तो नुसताच तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मामांना मात्र क्षणही लागला नाही.

"अरे गाढवा," ते फोनमधून ओरडले, "हो म्हणतेय ती!"