खिडकीपाशी बसणाऱ्या काकू

“अहो, आवाज ऐकू आला तरच बोट वर करायचं,” तिने माइकमधून पुन्हा बजावलं.

“म्हणूनच केलं,” काचेपलीकडून तो म्हणाला.

“पण मी बटण दाबलंच नव्हतं!”

कान तपासायच्या त्या दवाखान्यात तिचं कामच ते होतं. पेशंटला बंद खोलीत बसवायचं, हेडफोन चढवायचे, बारीक बारीक आवाज सोडायचे आणि बोट कधी वर होतं ते पाहायचं. बाहेर कुणी ओरडलं तरी त्या खोलीत काही पोचत नसे. आणि हा लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, यंत्रांच्या खडखडाटाने कान जड झाले म्हणून आलेला, म्हणत होता...

“कुणीतरी गुणगुणत होतं. तुम्हीच ना?”

तिने पटकन ओठ मिटले. गुणगुणत तर ती होतीच. पण माइक बंद होता.

पुढच्या आठवड्यात तो परत आला. कान तर ठणठणीत निघाले होते.

“आता काय ऐकू येत नाही?” तिने विचारलं.

“चहाला येता का, असं विचारलं तर तुम्ही काय म्हणाल... ते.”

तिला हसू आवरलं नाही. कित्येक वर्षांत तिच्याशी असं कुणी बोललंच नव्हतं. नवरा दुसरा संसार थाटून मोकळा झाला होता. घरी म्हातारी आई आणि पहिलीतली लेक, चिमणी. सकाळचे डबे, दिवसभर दवाखाना, संध्याकाळी अभ्यास घेणं, यात तिचा जीव मेटाकुटीला यायचा. स्वतःसाठी म्हणून एकच चैन होती, आणि तीही नव्या भाड्याच्या घरात आल्यावर लागलेली. कामावरून आलं की मागच्या खिडकीपाशी बसायचं, टबातल्या कोमट पाण्यात पाय सोडायचे आणि पाव तास कुणाचं काही ऐकायचं नाही. ती गुणगुणही तिथेच केव्हातरी तिच्या ओठांवर येऊन बसली होती.

चहाच्या टपरीवरच्या भेटी वाढल्या. निघताना तो तिच्या ओढणीला लागलेली बिस्किटाची भुकटी झटकायला हात पुढे करायचा आणि... मागे घ्यायचा. त्या अर्ध्यावर थांबलेल्या हाताचा विचार करत ती घरी पोचायची.

एका रविवारी तिने त्याला जेवायला बोलावलं. दार उघडलं तर तो उंबऱ्यातच थबकला. चेहरा पांढराफटक.

“काय झालं?”

“काही नाही... जिने चढून आलो ना.”

आईने पानं मांडता मांडता चमचे मागितले. चमच्यांचा खण हट्टी होता. जरा वर उचलून ओढला तरच उघडायचा, आणि हे फक्त घरच्यांनाच माहीत होतं. त्याने तो अलगद वर उचलला आणि ओढला.

आईचा हात थांबला. “तुम्ही याआधी आला आहात इथे?”

“राहायचो,” तो हळूच म्हणाला. “बायको होती तेव्हा. ती गेली आणि मी घर सोडलं. तुमचा पत्ता कळला तेव्हा सांगवलं नाही.” त्याची नजर खिडकीकडे गेली, खालच्या टबाकडे. “संध्याकाळी तिथे बसायची. पाय पाण्यात सोडून... गुणगुणत.”

“आणि काकूंना गार पाणी मुळीच आवडत नाही,” चिमणी घास चावत म्हणाली.

“कुठल्या काकूंना गं?” आजीने विचारलं.

“आई पाय बुडवते तेव्हा समोर बसतात ना, त्यांना.”

आजीने नातीला जवळ ओढलं. चिमणीची आई मात्र त्याच्याकडे वळली.

“तुम्ही कुणाला भेटायला येता?” तिने विचारलं. “मला... की तिला?”

तो खोटं बोलला असता तर तिने कदाचित मानलंही असतं. “पहिल्यांदा... ते सूर ऐकायला परत आलो होतो,” तो म्हणाला.

“मग या आता!” तो उंबऱ्याबाहेर पडताच तिने दार त्याच्या तोंडावर आपटलं, इतक्या जोरात की वरचं प्लास्टर पडलं.

त्या दिवसापासून ती खिडकीपाशी फिरकली नाही. आपली म्हणून असलेली एकच गोष्ट, तीही दुसऱ्या कुणाची निघावी! ती चिडचिडी झाली. चिमणीवर उगाच खेकसू लागली. एकदा कामावरून आली तर टब भरलेला, पाण्यावर वाफा.

“आई, तू भरलास?”

“मी? माझे गुडघे बघ आणि मग बोल.” आईने तिच्याकडे निरखून पाहिलं. “तशी आहे कोण ती? तुझं काही वाईट केलंय का तिने? चार घटका तुला बसवते, एवढंच ना! मला तर ते इतकी वर्षं जमलं नाही.”

तिने दुसरी खुर्ची ओढून समोर ठेवली. पाय पाण्यात सोडले आणि ती म्हणाली, “बसा. पण एक सांगा... हे सुख तुमचं की माझं?”

पडदा हलला नाही. तिने ओठ घट्ट मिटून घेतले होते, आणि तरी ते सूर आले. समोरून, अगदी जवळून. तिच्या ओठांतून नाही. म्हणजे ही वेगळी होती! इतके दिवस आपल्यात नव्हे, आपल्यासमोर बसत होती.

सूर बारीक झाले, खिडकीबाहेर गेले आणि थांबले. पाणी गरमच होतं. ती पुष्कळ वेळ तशीच बसून राहिली आणि का कोण जाणे, रडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्याला शोधत एका उंच इमारतीत गेली. लिफ्टच्या उघड्या दारातून वाकून तिने खाली हाक मारली. तो शिडी चढून वर आला. हातभर ग्रीस, कपाळावरही ग्रीस.

“ती गेली,” ती म्हणाली. “आता माझ्याकडे ऐकायला काही नाही. म्हटलं, तुम्हाला सांगावं.”

तो खाली पायरीवर बसला. त्याने डोळे मिटून घेतले.

“ती कधी रागावायची नाही,” तो म्हणाला. “आजारपणातसुद्धा नाही. तू दार आपटलंस ना... खाली उतरताना मला त्या सुरांची आठवणच आली नाही. तू परत बोलशील की नाही, एवढंच मनात होतं.”

पहिल्यांदाच तो ‘तू’ म्हणाला होता. तिने रुमाल काढला आणि त्याच्या कपाळावरचं ग्रीस पुसलं. ते आणखीच पसरलं.

“घर तेच आहे हं,” ती म्हणाली. “चालेल?”

“चालेल. भीती वाटेल थोडी.”

“मलाही वाटते.”

“मग... दोघं मिळून घाबरू.”

ती इतक्या मोठ्यांदा हसली की वरच्या मजल्यावरून कुणीतरी वाकून पाहिलं. लिफ्ट बंदच होती. दोघं जिना उतरू लागले, आणि ग्रीसची पर्वा न करता तिने त्याचा हात धरला.