इंजिनखोलीतला हात

सकाळी नऊच्या सुमारास मावशी आणि भाची हवेचे सिलिंडर भरून आणायला गेल्या, तेव्हा दोघींच्या बोलण्यात भीतीचा मागमूसही नव्हता. वाऱ्याचं, लाटांचं, भाचीला जरा घट्ट होऊ लागलेल्या रबरी पोशाखाचं, असलंच काहीबाही चाललं होतं. आज भाचीची शेवटची परीक्षा होती. समुद्राच्या तळाशी पडलेल्या मालवाहू जहाजाच्या पोटात शिरायचं आणि धड बाहेर यायचं.

मावशीला या कामात तेवीस वर्षं झाली होती. तिच्याकडे शिकायला लोक लांबून येत आणि निम्मेअधिक पहिल्याच महिन्यात काढता पाय घेत. कारण बाई पाण्यात उतरूच देत नसे. रिकाम्या हॉलमध्ये खुर्च्या-टेबलं आडवीतिडवी टाकायची, त्यांच्यामधून दोरी फिरवायची आणि डोळ्यांवर काळं फडकं बांधून शिकणाऱ्याला त्या दोरीवरून रांगायला लावायचं. बहिणीची मुलगी म्हणून भाचीला कसली सवलत मिळाली नाही, उलट तिला दुप्पट राबवलं. गुडघे सोलवटले. मग मोकळ्या पाण्यात शंभरावर बुड्या, मग जहाजाच्या बाहेरून, मग नुसतं दारापर्यंत. हवेचे तीन वाटे करायचे, एक आत जायला, एक परतायला आणि एक अडीनडीला. दिवे तीन. आणि दोरी हातातून सुटता कामा नये.

"आत गेलं की कुणावर विश्वास ठेवायचा नाही," मावशी सांगायची. "माझ्यावरसुद्धा नाही. दोरीवर ठेवायचा."

अकरा वाजता बोटवाल्याला वर ठेवून दोघी उतरल्या. अठ्ठावीस मीटरवर जहाज किंचित कलून बसलेलं होतं. भाचीने दारापाशी दोरीची गाठ मारली आणि रीळ सोडत ती आत शिरली. वळणावळणावर ती दोरीला प्लॅस्टिकचा बाण अडकवत होती, टोक बाहेरच्या दिशेला. मावशी मागून नुसती बघत होती. कुठे घाई नाही, कुठे पाय आपटणं नाही. मुलीने हात असा बसवलाय, तिला वाटलं, की आपल्यालाही हिच्या वयात जमला नसता.

इंजिनखोलीच्या टोकाला जाऊन दोघी वळल्या, आणि छतावरचा गंजाचा एक भलामोठा पापुद्रा सुटून खाली आला. गाळ उसळला. नाकासमोर धरलेला दिवा दिसेनासा झाला. उरला फक्त स्वतःच्या श्वासाचा आवाज आणि तोंडात रबराची चव.

यासाठीच तर हॉलमध्ये रांगणं होतं. भाची पुढे, एक हात दोरीवर. मावशी मागे, एक हात दोरीवर, दुसरा भाचीच्या दंडावर. पुढे ढकललं तर चल, दाबलं तर थांब. तशा त्या निघाल्या. पण इंजिनखोलीच्या दारात मावशीचा सिलिंडर दोरीत अडकला. तिने दंड दाबायला जावं तोच हातमोजा दंडावरून निसटला. भाची पुढे गेली.

मावशीने दोरी न सोडता गुंता चाचपडत सोडवला. मिनिटभर लागलं असेल. मग ती पुढे सरकू लागली आणि एकदम थांबली. तिच्या बोटांखालची दोरी ताणली जात होती. बाहेरच्या दिशेला नव्हे... उजवीकडे. जिथे खाली जाणारा जिना होता.

एक हिसका. मग दुसरा.

हाक मारता येत नव्हती. बहिणीला काय तोंड दाखवायचं, एवढंच तिच्या मनात आलं. मग दोरी हळूच सैल पडली, जागेवर आली आणि शांतपणे, हात-हात सरकल्यासारखी, बाहेरच्या बाजूला थरथरत गेली.

दारातल्या हिरवट उजेडात भाची एका हाताने दोरी धरून मावशीची वाट बघत तरंगत होती.

बोटीवर चढल्यावर भाचीने मुखवटा काढला आणि ती म्हणाली, "मावशी, रागावू नकोस. मी तुझं ऐकलं नाही."

"कधी?"

"त्या जिन्यापाशी. तू दंड धरून उजवीकडे ओढत होतीस ना... दोनदा. मला वाटलं, तू चाळीस वेळा आलीयस इथे, तुलाच माहीत असणार. पण बोटाखाली बाण होता, तो डावीकडे दाखवत होता. मग मी तुझा हात दाबला, थांब म्हणून. आणि बाणाच्या दिशेने निघाले."

तो जिना कुठेच बाहेर निघत नाही, हे मावशीला ठाऊक होतं.

"तुझा दंड मी इंजिनखोलीच्या दारातच सोडला होता," ती म्हणाली.

भाचीने दंडाकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला, पण ती रडली नाही. मावशीच्या अंगावर काटा उभा होता आणि त्याच वेळी तिचा ऊर भरून आला होता. आजवर कितीजण तिच्या हाताखालून गेले, पण गुरूने ओढलं तरी दोरीला धरून राहणारी ही पहिलीच. तिने वही काढून भाचीच्या नावापुढे सही केली.

"बाई," बोटवाला कठड्यावरून वाकून म्हणाला, "खाली अजून कुणी आहे?"

मावशीने पाहिलं. पाण्यावर बुडबुडे येत होते. आपणच सोडलेली हवा छताखाली साठून मागाहून निघते, ती त्याला सांगणार होती. पण तशी हवा कशीही फुटते. हे बुडबुडे येत, थांबत, पुन्हा येत. सावकाश, एका लयीत, घाबरलेला माणूस कधी घेणार नाही तसा श्वास. अशी लय यायला वर्षानुवर्षं पाण्यात घालवावी लागतात.

बोटवाल्याने इंजिन सुरू केलं. बोट वळली, आणि बुडबुडेही वळले.