वेंडेलची जांभळी

फेब्रुवारीतल्या एका सकाळी डेल्मर प्रुइट ट्रेलर घेऊन हॉस्केटबाईंच्या शेतावर गेला, तो त्यांची जुनी गाडी उचलून आणायला. काम नेहमीचंच होतं. कुणाच्या कोठारात, कुणाच्या झाडाखाली गंजत पडलेल्या जुन्या मसल कार, म्हणजे दांडग्या इंजिनाच्या गाड्या, आणायच्या आणि वर्ष-दोन वर्षं खपून त्यांना पुन्हा रस्त्यावर उभं करायचं, यातच त्याची तीस वर्षं गेली होती. ओहायोच्या त्या भागात त्याच्या हाताला नाव होतं. जुना पत्रा वाचवावा तर डेल्मरनेच, असं लोक म्हणत. ते ऐकलं की डेल्मर खाली बघून हसे, म्हणजे त्याला ते पुरेपूर ठाऊक होतं.

गाडी १९७० सालची होती. दोन दारांची, लांब नाकाची, आणि धूळ पुसली की पिकल्या जांभळासारख्या रंगाची. हॉस्केटबाईंच्या एकुलत्या एका मुलाने, वेंडेलने, कारखान्यातल्या पगारातून ती कोरी घेतली होती. चार महिने फिरवली आणि तो व्हिएतनामला गेला. तिथल्या एका डोंगरात त्याचं हेलिकॉप्टर पडलं. माणूस मिळाला नाही, मेल्याचा पुरावाही मिळाला नाही. तेव्हापासून चव्वेचाळीस वर्षं गाडी कोठारात होती, आणि बाई दर गुरुवारी दुपारी ड्रायव्हरशेजारच्या सीटवर तासभर बसत. गुरुवारी वेंडेल लवकर सुटायचा आणि आईला चक्कर मारून आणायचा, म्हणून गुरुवार.

आता बाई शहाऐंशीच्या झाल्या होत्या. डोळ्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं.

"आता लष्कराची माणसं येऊन गेली," त्या डेल्मरला म्हणाल्या. "डोंगरात एक दात मिळाला म्हणे, आणि हाडाचे तीन तुकडे. माझ्या गालाच्या आतून कापूस फिरवून नेला होता, त्याच्याशी जुळलं. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी शवपेटी येणार. वर कोरा गणवेश घालून ठेवतात म्हणे, इस्त्री करून. आत एक दात, आणि वर अख्खा गणवेश."

"आम्हाला फार वाईट वाटलं, मिसेस हॉस्केट," डेल्मर म्हणाला.

"वाईट काय त्यात. मला त्या शनिवारी पेटीमागून याच गाडीतून जायचंय, चालत्या गाडीतून. वेंडेल उभ्या गाडीत तोंड उघडत नाही. नुसता बसतो. गाडी सुरू झाली की बोलायचा तो, लहानपणापासून. मी त्यालाच विचारणार आहे, पेटीत आहे तो तूच का? हो म्हणाला तर पुरीन. नाही म्हणाला तर ज्याचा दात असेल त्याच्या आईकडे पाठवा म्हणावं."

डेल्मरने मान डोलावली. म्हातारं माणूस, आणि इतक्या वर्षांचं दुःख. असं काहीतरी बोलणारच.

"आणि माझा गुरुवार चुकवायचा नाही मला. शेजारीण तुझ्या गॅरेजवर आणून सोडेल."

"पण गाडी सुटी केलेली असेल हो..."

"मग सीटा तेवढ्या ठेव."

पहिल्या गुरुवारी त्या आल्या आणि काठी बाजूला ठेवून बसल्या. डेल्मर मागच्या चाकाशी काम करत होता. थोड्या वेळाने ड्रायव्हरच्या सीटची स्प्रिंग कुरकुरली, कुणी बसल्यावर कुरकुरते तशी. बाई तर पलीकडच्या सीटवर होत्या. मग वास आला. ओल्या मातीचा, पाऊस पडून गेलेल्या दाट झाडीचा. बाहेर गुडघाभर बर्फ होतं आणि जमीन दगडासारखी गोठलेली होती. डेल्मरने पाना खाली ठेवला आणि हळूच डोकावून पाहिलं. ड्रायव्हरची सीट रिकामी होती. मधोमध खाली दबलेली होती, पण जुन्या सीटा दबतातच. तो पुन्हा कामाला लागला, आणि तासभर त्याने वर बघितलं नाही.

पुढच्या आठवड्यात त्याने गाडीचा पत्रा तपासला. वरून जांभळी, आतून सगळी भुसभुशीत. तळ गेला होता, तळाखालचे कणे गेले होते, काचेखालचा पत्रा स्क्रूड्रायव्हर लावला की आत जात होता.

"दीड वर्षाचं काम आहे," तो म्हणाला. "आणि हातात अडीच महिने."

त्याचा मेहुणा क्लीट वेल्डिंग करायचा. तोंडाचा सैल आणि हाताचा पक्का. "नवी बॉडी मागव की," तो म्हणाला. "हल्ली त्याच साच्याचा पत्रा दाबून अख्खी बॉडी मिळते, वरपासून खालपर्यंत. इंजिन तिचं, सीटा तिच्या, स्टीअरिंग तिचं. दोन महिन्यांत उभी करू."

"म्हणजे ती गाडी राहणारच नाही ती. नक्कल होईल."

"हे बघा साधुमहाराज! गेल्या वर्षी डॉक्टरची निळी केलीस, त्यात जुनं काय ठेवलंस? तळ नवा, दारं नवी, मडगार्डं नवी. छप्पर तेवढं जुनं. तू एकेक तुकडा बदलतोस, तर ते पुण्य. मी सगळं एकदम बदलायचं म्हटलं, तर मी चोर?"

खरं सांगायचं तर डेल्मरला याचं उत्तर शोधायचंच नव्हतं.

"तिला सांगावं लागेल," तो म्हणाला.

"कशाला? तिला दिसतंय कुठे? दाजी, झाकली मूठ सव्वा लाखाची."

नवी बॉडी मार्चच्या सुरुवातीला आली. काळ्या रंगाची, गुळगुळीत, कसलाच वास नसलेली. जुन्यातून काढण्यासारखं सगळं काढून त्यांनी तिच्यात बसवलं. जुना सांगाडा क्लीट भंगारवाल्याकडे टाकून आला, आणि त्याच दुपारी तो दाबून सपाट झाला. एक गोष्ट मात्र बाजूला राहिली. काचेखाली कारखान्याने दिलेल्या नंबरची बोटभर रुंदीची पट्टी असते, गाडीची खरी ओळख तीच. ती एका गाडीवरून काढून दुसरीला लावणं म्हणजे सरळ तुरुंगाची वाट, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं. डेल्मरने ती डब्यात टाकून ठेवली.

पुढच्या गुरुवारी बाई येऊन बसल्या. तीच सीट, त्याच जागी. त्यांनी हात पुढे करून समोरचा पत्रा चाचपला, दार चाचपलं, आणि त्या तासभर बसून राहिल्या.

"आज आला नाही," उठताना त्या म्हणाल्या.

त्याच्या पुढच्या गुरुवारीही तो आला नाही. मग आणखी दोन गुरुवार तसेच गेले. डेल्मर मुद्दाम जवळ उभा राहून कान देई. स्प्रिंग कुरकुरत नव्हती, वास येत नव्हता. आपण वाट बघतोय हे लक्षात आलं तेव्हा त्याची त्यालाच लाज वाटली. एप्रिल लागला तोवर म्हातारीच्या गालांची हाडं वर आली होती. शेजारीण म्हणाली की जेवत नाहीत.

"डेल्मर," बाई म्हणाल्या, "सोमवारी फोन करून सांगणार आहे त्यांना, पेटी पाठवू नका. चव्वेचाळीस वर्षांत एकही गुरुवार चुकला नाही त्याचा. आता दात मिळाला म्हणतात आणि हा यायचा बंद झाला. म्हणजे तो कुणा भलत्याचाच दात. माझा मुलगा तिथेच राहिला, आणि आता त्याला घरचा रस्ताही सापडत नाही."

त्या रडत नव्हत्या. रडल्या असत्या तर बरं झालं असतं. खरं सांगून टाकावं, असं डेल्मरच्या मनात आलं. सांगून तरी काय उपयोग होता? जुनी गाडी आता वीतभर जाडीचा चौकोन होऊन कुठेतरी पडली होती.

त्या गेल्यावर त्याने डबा उघडला. क्लीट घरी गेला होता. दुपारचं स्वच्छ ऊन खिडकीतून आत पडलं होतं. पट्टी हाताला कोमट लागली. हीटर शेजारीच आहे, असं त्याने मनाशी म्हटलं. नवीन पत्र्यावर भोकं पाडून त्याने ती दोन रिव्हेटांनी पक्की बसवली. दुसऱ्या रिव्हेटला अंगठा चिरला आणि थोडं रक्त पट्टीवर लागलं. त्याने ते पुसलं. आपण एवढा गुन्हा कशाच्या भरवशावर करतोय, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

उठताना मात्र गुडघा दुखला नाही. गेली बारा वर्षं दुखत होता.

घरी त्याची बायको नोरीन म्हणाली, "आज लंगडत नाहीयेस. चांगलंय की." मग जरा वेळाने म्हणाली, "काय शोधतोयस?"

"बशा."

"बशा? सत्तावीस वर्षं तिथेच आहेत की, तुझ्या डोक्यावर." ती हसली. डेल्मरही हसला, पण थोडा उशिरा.

त्याने मिनतवाऱ्या करून बाईंना सोमवारचा फोन पुढे ढकलायला लावला. एकदा इंजिन सुरू होऊ द्या, मग ठरवा, असं तो म्हणाला. गुरुवारी त्या बसल्या होत्या आणि तो इंजिन सुरू करायला ड्रायव्हरच्या सीटवर बसला. स्प्रिंग कुरकुरली. कुरकुरणारच, अंगाने तो काही लहान नव्हता. बाईंनी झटकन मान वळवली. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल पडला.

"आलास..." त्या म्हणाल्या.

मी डेल्मर आहे, असं म्हणणं काहीच अवघड नव्हतं. पण त्यांचा तो चेहरा बघून त्याचा जीव भांड्यात पडला होता. समजू दे तिला आला म्हणून. एवढं तर आपण देऊ शकतो. त्याने किल्ली फिरवली, इंजिन गरजलं, आणि बाई हसल्या. ओल्या मातीचा वास आला की नाही, हे नंतर त्याला आठवेना. कदाचित त्याला तो वेगळा कळेनासा झाला होता.

शनिवारी ऊन होतं. पेटीची काळी गाडी पुढे, मग नव्या पत्र्यावर तोच रंग चढवलेली जांभळी, मग गावातल्या तीस-चाळीस गाड्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं छातीवर हात ठेवून उभी होती. डेल्मरने रात्रीच ठरवलं होतं, गाडीतच सांगून टाकायचं. मनावर ओझं घेऊन या बाईला थडग्यापाशी न्यायचं नाही.

"मिसेस हॉस्केट... ही ती गाडी नाही. जुनी पार सडली होती. मी..."

"माहितीये."

"काय?"

"डोळे गेलेत माझे. हात शाबूत आहेत. पत्रा बदललास, त्या पहिल्याच गुरुवारी कळलं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"पत्र्याशी काय करायचंय मला? त्याला बसायला जागा मिळाली म्हणजे झालं. नव्या जागेत यायला वेळ लागला, एवढंच." त्यांनी हात पुढे करून स्टीअरिंगवरच्या त्याच्या मनगटावर ठेवला. हात थंड होता, आणि चांगलाच घट्ट. "आता गाडी चालू आहे. आता सांग. त्या पेटीत आहे तो तूच ना...?"

बाई, तुम्ही डेल्मरशी बोलताय, असं तो म्हणणार होता.

"थोडासा," तो म्हणाला.

आपला आवाज त्याने ऐकला. शब्दही ऐकला. घाबरायला हवं, असं त्याच्या मनात आलं. पण ते दूर शेतात कुणीतरी कुणाला हाक मारावी तसं आलं आणि गेलं.

"तेवढ्याने भागतं," म्हातारी म्हणाली, आणि निवांत मागे टेकली.

पुढची काळी गाडी दफनभूमीच्या फाटकातून डावीकडे वळली. जांभळी सरळ गेली. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला, मग आणखी कुणीतरी. त्याने आरशात पाहिलंही नाही. धान्याच्या उंच कोठ्या मागे पडल्या, ओढ्यावरचा पूल गेला, खडीचा रस्ता लागला. कुठे वेग कमी करायचा आणि कुठे खड्डा चुकवायचा, ते हातांना माहीत होतं. शेत आलं. त्याने गाडी कोठारात नेऊन एका दमात बरोबर जागेवर उभी केली. दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरली होती.

"मला माहीत होतं," दार उघडत म्हातारी म्हणाली, "तू आधी घरी येणार. पुरायचं ते पुरतील ते."

इंजिन बंद झाल्यावर फार शांत वाटलं. तो बाहेर आला. अंगात कोट होता, कुणाचा कोण जाणे, पोटाशी ढगळ. कोटाच्या खिशात काहीतरी थरथरत होतं. त्याने ते काढून पाहिलं. हाताच्या पंजाएवढी काळी चपटी काच होती, आणि तिच्यात उजेड होता. उजेडात पन्नाशीची, चष्मा लावलेली एक बाई हसत होती. खाली नाव लिहिलं होतं, नोरीन. त्याने काच उलटून पाहिली, पुन्हा सुलटी केली. नोरीन नावाचं त्याच्या ओळखीत कुणी नव्हतं.

"ही कोण गं, आई?"

म्हातारी ओसरीच्या पायऱ्या चढत होती. भिंतीचा आधार न घेता, भरभर.

"असेल कुणीतरी," ती मागे न बघता म्हणाली. "हात धू आणि ये. नूडल्स गार होतील."

कुणाची हरवली असेल तर ती घेऊन जाईल, म्हणून त्याने ती वस्तू कुंपणाच्या खांबावर नीट ठेवली, आणि तो आत गेला. ती बराच वेळ तिथे थरथरत राहिली.