पटलाला ऐकू न येणारा सूर

दंतरोपण प्रयोगशाळेच्या पडद्यावर सिद्राम भजंत्री यांचा जबडा दिसत होता. पुढच्या दातांसाठी बसवलेला धातूचा खुंट सैल झाला होता. त्याच्याभोवती हाड भरायचे, तिथे नुसती हिरडी भरली होती.

"हिरडी भराभर वाढते, हाड सावकाश," डॉ. शर्वाणी नाडगौडा पटल बनवणाऱ्या कंपनीच्या पारसनीसांना म्हणाल्या. "हिरडीला अडवायलाच मध्ये तुमचे विलयपटल, हा विरघळणारा पडदा. हाड पक्के झाल्यावर विरघळायचे, ते आधीच कसे विरघळले?"

पारसनीसांनी शांतपणे समजावले. पटल जबड्यातले कंप ऐकते. कोवळ्या हाडात कंप विझतो. पक्के हाड एका ठरावीक सुरात घुमते. तो सूर सतत ऐकू आला की पटल विरघळू लागते. रुग्ण त्याच सुरात गुणगुणत होता, चूक रुग्णाची.

सिद्राम सोलापूरचे, सनईहून लहान अशी सुंद्री वाजवणारे. वाद्य ओठांना लावायचे नाही, हे पथ्य त्यांनी इमानाने पाळले होते. मात्र घराण्याचा पहाटेचा खर्ज त्यांनी सोडला नव्हता. तोंड मिटून ते तो घुमवत राहिले.

यापुढे मौन पाळा, असे पारसनीसांनी समोर बसलेल्या सिद्रामांना सुचवले.

"गप्पच बसायचं तर दात कशाला, बाई?" सिद्राम म्हणाले. "भाकरी काय, आमटीत कुस्करून खातो की."

शर्वाणींना हसू आले नाही. ज्यांच्यावर पटलाची चाचणी झाली, त्यांत गाणारा कोणी नव्हता, अंगाई म्हणणारी कोणी नव्हती. मुक्या माणसांच्या मापाने बेतलेल्या वस्तूसाठी आता बोलत्या माणसाने मुके व्हायचे? पटल बदला, असे त्यांनी ठणकावले. हाड आणखी एकदाच भरता येण्याजोगे उरले होते.

कंपनीने पटल बदलले. सिद्रामांचा सूर त्याला ऐकूच येणार नाही, अशी तजवीज केली. शर्वाणींनी ते नव्या खुंटाभोवती बसवले, आणि सिद्राम पहाटे निर्धास्त घुमत राहिले.

हाड सुरेख भरले. पटल मात्र तसेच राहिले. हिरडी फाडून त्याची कड बाहेर आली, तिच्याखाली पू धरला आणि नवे हाड झिजू लागले.

पटलात दोष नाही, ते सूचनेबरहुकूम वागते आहे, असे पारसनीसांनी दूरध्वनीवर सांगितले.

शर्वाणींनी खुंटावर हलकेच टिचकी मारली. जबडा घुमला. यंत्रावर उमटला तो सिद्रामांचाच खर्ज.

"हाड केव्हाचे सांगते आहे, मी पक्के झाले म्हणून," त्या म्हणाल्या. "ते ऐकायचे नाही, हे तुम्ही पटलाला शिकवलेत."

त्यांनी फोन ठेवला आणि हिरडी कापायला घेतली. पटलाबरोबर हाडही निघून येणार होते, आणि ते पुन्हा भरता येणार नव्हते. सिद्रामांचा खर्ज थांबला होता.